ज्या गाड्यांना रेघा होत्या

कुठलीही वेबसाइट उघडली की मी आधी मजकूर वाचत नाही, चिन्हं बघतो. अवतरणचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह, नावाच्या मधेच एखादा रिकामा चौकोन, किंवा शब्दापुढं उगाच उभी राहिलेली उलटी तिरकी रेघ दिसली, की माझं मन तिथंच फिरतं. ज्यानं हे बनवलं त्याला काम येत नाही, असा शिक्का मी मनात मारून मोकळा होतो. मग ती साइट विद्यापीठाची असो नाहीतर गावच्या पाणीपुरवठ्याची.

ही सवय मला कॉम्प्युटरनं लावलेली नाही. आळेफाट्यावरच्या एका छापखान्यानं लावली. कॉलेजात असताना मी तिथं लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायचो. छापखान्याचे मालक चष्मा कपाळावर चढवून सांगायचे, “पावण्याला पत्रिकेत एक टिंब नको तिथं दिसलं ना, की तो मुहूर्तावरपण शंका घेतो.” तीन वर्षं मी टिंबं पकडली. त्यातून माझी फी निघाली आणि मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. हे सांगताना कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे, मी सांगणं सोडत नाही. पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी फ्रेम करून पडवीत लावलं, घाटात पळणाऱ्या बैलांच्या फोटोशेजारी. बैलांचा फोटो मोठा आहे, हेही सांगायला हवं.

आता मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमचं गाव आळ्यापासून मोटारसायकलवर दहा-पंधरा मिनिटांवर. तिथली यात्रा म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती. आमच्याकडं गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, एका वेळी एकच गाडा सुटतो आणि घड्याळ लावून त्याचे सेकंद मोजतात. त्याच्या त्या पाळीला बारी म्हणतात. बारी सकाळी लागली तर बैल ताजे, घाट घट्ट. दुपारी लागली तर बैल उन्हात ताटकळून अर्धे झालेले आणि घाटाची माती शंभर गाड्यांनी उकरलेली. म्हणून शर्यतीच्या आधी खरी शर्यत असते ती बारीच्या नंबराची.

पूर्वी तांब्याच्या घागरीत चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे. एक वर्ष असं गेलं नाही की भांडण झालं नाही. कुणी म्हणायचं चिठ्ठीचा कोपरा दुमडला होता. एका वर्षी तर बोललं गेलं, की कमिटीवाल्यांच्या चिठ्ठ्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या आणि उचलणाऱ्यानं हाताला गार लागेल तीच उचलली. खरं-खोटं देव जाणे. पण त्या वर्षी दोन गाडामालक बैल परत टेम्पोत चढवून निघून गेले होते.

म्हणून यंदा कमिटीनं नोंदणी आणि सोडत दोन्ही ऑनलाइन करायचं ठरवलं. काम मिळालं घोडेगावच्या पलीकडं डोंगरातल्या एका गावच्या मुलीला. घोडेगावात तहसील कचेरीजवळ तिचं दुकान होतं. दाखल्यांचे अर्ज भरून द्यायची आणि वेबसाइटही बनवायची. आंबेगाव तालुक्यातल्या एका लहानशा यात्रेची सोडत तिनं आदल्या वर्षी केली होती आणि तिथं भांडण झालं नव्हतं, एवढीच तिची ओळख. आमच्यानंतर आणखी तीन गावं तिला काम देणार होती, पण ती गावं आमच्याकडं काय होतं ते बघत थांबली होती. आमची यात्रा मोठी. इथं निभावलं तर तिचं नाव झालं, इथं बोंब झाली तर दोन तालुक्यांत कुणी तिला दारात उभं करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तर सगळ्यांत आधी.

पहिल्या भेटीत तिची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडं आलं, मी शिकलेला म्हणून.

“ताई, शिक्षण?”

“बी.एस्सी. कॉम्प्युटर, सर.”

“घरात आधी कोण शिकलेलं?”

“कुणीच नाही. मीच.”

ऐकून मला जवळीक वाटायला पाहिजे होती. झालं उलटं. पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस न येणारी गोष्ट कशी झाकतो हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी स्वतः कितीतरी वर्षं झाकत आलो होतो. मी मनात म्हटलं, हिच्यावर डोळा ठेवायचा.

साइटला दोन लॉगिन होती. एक तिचं आणि एक माझं. गाडामालक आपापल्या मोबाइलवरून नोंदणी करणार, आणि त्यात काही चुकलं तर दुरुस्ती मी करणार, असं ठरलं. मला फोन यायचे. नंबर बदलून दे, गावाचं नाव नीट कर, आजोबांच्या नावामागं ‘कै.’ लाव. मी जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, एका हातात मोबाइल, अशा दुरुस्त्या करून टाकायचो. मोबाइलवर फॉर्मचा जेवढा तुकडा पाहिजे तेवढाच सरकवून बघायचा, बदलायचं, ‘जतन करा’ दाबायचं. काम झालं.

नोंदणी संपायला दोन दिवस राहिले असताना गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. साइटवरच्या यादीचा फोटो, त्यात लाल गोल काढलेले. प्रत्येक गोलात बैलाचं नाव आणि नावाच्या दोन्ही बाजूंना उलट्या तिरक्या रेघा. आमच्याकडं गाड्याची नोंद करताना बैलाचं नाव अवतरणचिन्हात घालायची पद्धत आहे. त्याच चिन्हांच्या पुढं या रेघा उभ्या होत्या. काही नावांना एक. काहींना तीन. आणि काही नावांना, एकाच बाजूच्या मोजल्या तरी, सात. बऱ्याच गाड्यांना एकही नाही.

फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘रेघा ओळखा, बारी मिळवा.’

मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. मोबाइलवर मला हे कधी दिसलं नव्हतं, म्हणजे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मोठ्या पडद्यावर रेघा यादीभर उभ्या दिसत होत्या. छापखान्याचे मालक असते तर ती यादी त्यांनी फाडून टाकली असती.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. बसायच्या आधीच आवाज चढलेले. राजुरीकडचा एक गाडामालक होता, तोंडानं तिखट आणि बैलांच्या बाबतीत बापाचंही न ऐकणारा. त्यानं यादीची प्रिंटच काढून आणली होती.

“भाऊ, मला शिकवू नका. ह्या खुणा हायेत. जनावराच्या कानाला बिल्ला मारत्यात का न्हाई, तशा. मशीनला कळाया पायजे ना कुणाची बारी सकाळी काढायची!”

“आवो, कायतरी मशीनचं झालं आसल,” अध्यक्ष म्हणाले.

“मशीनचं झालं तर समद्यांला व्हईल. निवडून-निवडून कसं व्हतं? आन् निवडून कुणाला, ते बगा की. सात रेघा कुणाला हायेत? वाचू का?”

त्यानं वाचलं. पहिलं नाव माझ्या चुलत्यांचं. गाडा आमच्या आजोबांच्या नावानं, बैलाचं नाव वादळ. मग आमच्या भावकीतली आणखी दोन घरं. तीन रेघांच्या गाड्यांमध्ये माझे आळ्याचे सासरे, अध्यक्षांचे मेहुणे, कमिटीतल्याच एकाचा भाचा. वाचत गेला तशी मंडपात कुजबुज वाढत गेली. चुलते माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना मी नाना म्हणतो. ते खाली बघत मांडीवरचं उपरणं सारखं करत होते.

“काय ओ नाना, घोडेगावला कदी जाऊन आलात?” मागून कुणीतरी विचारलं आणि हशा झाला.

“मी कशाला जातुय घोडेगावला?” नाना म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या चुलत्यांचीच शंका आली. नानांना वादळचं वेड. यंदा पहिला नंबर पाहिजे म्हणून दोन महिने त्यांनी धड कुणाशी गप्पा मारल्या नव्हत्या. मंचरला त्यांचं येणं-जाणं असतं, तिथून घोडेगाव किती लांब?

मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. “तू सांग राव. शिकलेला तू. पोरीला येतंय का न्हाई?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला जे म्हणायचं होतं ते मी स्वच्छ म्हणालो. “काम कच्चं आहे. ज्याला साधं अवतरणचिन्ह नीट दाखवता येत नाही, त्याच्या सोडतीवर मी तरी सही करणार नाही.”

कच्चं काम आणि लबाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पण ते वाक्य मी बोललो नाही. मंडपातल्या लोकांना पदवीधराच्या तोंडून जे ऐकायचं होतं तेवढं मिळालं. ठरलं असं, की रविवारी मुलीला बोलवायचं. रेघा कुणाच्या सांगण्यावरून लावल्या ते तिनं सांगायचं. नाही सांगितलं तर घागर बाहेर काढायची, आणि ती तीन गावं विचारतील तेव्हा आपण काय बघितलं ते त्यांना सांगायचं.

“लपवायचं कशाला?” राजुरीवाला म्हणाला. “त्यांचीबी फसवणूक व्हायला नगो.”

घरी येताना नाना माझ्या गाडीवर मागं बसले होते. मी विचारलं, “नाना, खरं सांगा. भेटलाय का तुमी तिला?”

घरासमोर उतरल्यावर म्हणाले, “तुजी शाळा झाली तवा बैल इकायची पाळी आली व्हती. इकला न्हाई. तुला शिकवलं आन् बैलबी ठिवला. आता तूच मला इचार.” आणि गोठ्याकडं गेले.

यात हो पण नव्हतं आणि नाही पण नव्हतं. मला ते पुरलं नाही.

शनिवारी मी एकटाच नारायणगाव, मंचर करत घोडेगावला गेलो. कमिटीला सांगितलं नाही. मला रविवारच्या आधी कळायला हवं होतं, की या भानगडीत आमचं घर आहे की नाही. वाटेत मी प्रश्न जुळवत होतो, छापखान्यात ग्राहकाला विचारायचे तसे. कोण आलं होतं, कधी आलं होतं, काय बोललं.

दुकान म्हणजे एक गाळा. बाहेर बाकावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसं. डोंगरातल्या गावांच्या एसट्या तिथूनच सुटतात, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष अर्धं स्टँडकडं. मुलीनं मला ओळखलं, पण उठली नाही. हातातला अर्ज पूर्ण केला, म्हातारीला पावती दिली, “आजी, मंगळवारी या, यष्टी बघून या,” म्हणाली आणि मग माझ्याकडं वळली.

“कच्चं काम बघायला आलात का सर?”

बातमी माझ्याआधी पोचली होती.

“हो,” मी म्हणालो. “बोललो मी तसं. खोटं आहे का?”

“नाही. खरं आहे.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, ती चूक सर्व्हरवर ढकलेल, नाहीतर मोबाइल कंपनीवर. तिनं खुर्ची पुढं सरकवली आणि कागदावर एक अवतरणचिन्ह काढलं.

“हे चिन्ह आलं ना, की मशीनला वाटतं नाव इथंच संपलं. तसं वाटू नये म्हणून जतन करताना त्याच्यापुढं एक रेघ लावून ठेवायची असते. म्हणजे मशीनला कळतं, हे नावातलंच आहे. मी दोन ठिकाणी लावायचं लिहून बसले. एकदा लावलेली निघून जाते, दुसरी राहते. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक आहे सर. मी केली.”

“म्हणजे ज्यांच्या बैलाचं नाव अवतरणात, त्यांनाच रेघ?”

“हो. ज्यांनी अवतरण घातलंच नाही त्यांना कुठून येणार?”

एवढं मला पटलं. पण मी इतक्यात सुटणार नव्हतो. “मग एक पाहिजे. सात कशा?”

तिनं माझ्याकडं बघितलं. शनिवारच्या त्या गाळ्यात पंख्याचा तेवढा आवाज होता, आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की आल्यापासून मी तिच्यावर जेवढा संशय घेतोय, तेवढाच ती माझ्यावर घेतेय.

“चूक मला तिसऱ्याच दिवशी दिसली होती,” ती म्हणाली. “पुढच्या नोंदींसाठी नीट केली. जुन्या नावांवरच्या रेघा पुसायला पाच मिनिटं लागली असती. मुद्दाम पुसल्या नाहीत.”

“मुद्दाम?”

“रेघ असलेली नोंद कुणी उघडून परत जतन केली ना सर, की चिन्हालाही नवी रेघ लागते आणि जुन्या रेघेलाही. एकाच्या तीन होतात. परत जतन केली, तिनाच्या सात. दुरुस्तीच्या पानावरची चूक मी मुद्दाम तशीच ठेवली. म्हणजे रेघा मोजल्या की कळतं, त्या नोंदीला कितीदा हात लागलाय. मला बघायचं होतं, कोण हात लावतंय. मागच्या यात्रेत एकानं शेवटच्या रात्री गाडा बदलून घ्यायचा प्रयत्न केला होता. बोभाटा झाला असता तर माझ्याच नावावर. तुमच्या कमिटीवर माझा विश्वास नव्हता. खोटं कशाला बोलू?”

तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. पडद्यावर प्रत्येक बदलाची नोंद होती. कुठला गाडा, कुठल्या वेळी, कुठलं लॉगिन. वादळ, दोन बदल. एकदा मोबाइल नंबर, एकदा आजोबांच्या नावामागं ‘कै.’. आमच्या भावकीतली दोन घरं, दोन-दोन बदल. आळ्याचे सासरे, गावाचं नाव. अध्यक्षांचे मेहुणे, मोबाइल नंबर. सगळ्या ओळींच्या शेवटी एकच लॉगिन. वेळा सगळ्या जेवणाच्या सुट्टीतल्या.

माझं लॉगिन होतं.

मी त्या ओळी वरून खाली आणि परत खालून वर वाचल्या. प्रूफ वाचायची ती जुनी रीत आहे, उलटं वाचलं की चूक सापडते. काही सापडली नाही. बारीशी संबंधित एकही बदल त्यात नव्हता. सगळे साधे, प्रामाणिक बदल. तरी त्या यादीत राजुरीवाल्यानं पाहिलेलं खोटं नव्हतं. रेघा खरोखरच आमच्याच माणसांना जास्त होत्या. कारण माझा नंबर आमच्याच माणसांकडं होता. नाना हाक मारून सांगायचे, सासरे फोन करायचे, मी भाकरी खाता खाता करून द्यायचो. बाहेरगावच्या गाडामालकाचा मोबाइल नंबर चुकला तर त्यानं कुणाला सांगायचं, हे मी कुठं लिहिलंच नव्हतं. त्यांच्या नावांपुढं एकेकच रेघ होती. त्यांच्यासाठी कुणी हात लावला नव्हता.

“हे बारीसाठी नव्हतं,” मी म्हणालो.

“मला माहितीये. मी प्रत्येक बदल बघितलाय.”

“मग मला आधी का नाही विचारलं?”

“तुमी मला विचारलंत का सर? मंडपात बोललात.”

तिनं लॅपटॉप बंद केला. बाहेर कुणीतरी आवाज दिला, “मॅडम, आमची यष्टी लागली, अर्ज करताय का राहू दिऊ?” ती उठता उठता म्हणाली, “रविवारी मी येईन. चूक माझी आहे ते मी सांगेन. लॉगिन कुणाचं ते मी नाही सांगणार. ते तुमच्या गावातलं आहे. माझं तोंड तिथं कोण ऐकणार? डोंगरातली बाई आपली चूक कमिटीवर ढकलतीय म्हणतील.”

परत येताना मंचरला चहाला थांबलो. सुटका सोपी होती. ‘तांत्रिक चूक’ म्हणायचं. माझ्या तोंडून ते खपलंही असतं, आणि रेघा कमी-जास्त कशा यावर मी चार इंग्रजी शब्द टाकले असते तर मंडपात कुणी हटकलं नसतं. पण मग सात रेघांचं उत्तर राहिलं असतं, आणि ते उत्तर लोकांनी आधीच ठरवलेलं होतं. पैसे खाल्ले असतील तर तिनंच.

रविवारी सकाळी मंडप भरला. पडदा लावला होता, आणि त्याच्याखाली कुणीतरी मुद्दाम घासून चकचकीत केलेली घागर ठेवली होती. मुलगी पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप. तिला खुर्ची कुणी दिली नाही. मीही दिली नाही, हे मला नंतर आठवलं.

तिनं उभी राहून चूक सांगितली. दोनदा लावलेली रेघ, एकदा निघालेली. लोकांनी ऐकलं. राजुरीवाला म्हणाला, “बाई, येक रेघ मान्य. आमी आडाणी आसू, पर मोजता येतंय. सात कुणाच्या सांगण्यावरनं लावल्या?”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. समोर घागरीकडं बघत उभी राहिली.

मी उठलो. “माझ्यामुळं लागल्या,” मी म्हणालो.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. फोन, दुरुस्त्या, जेवणाची सुट्टी, माझं लॉगिन, एकाच्या तीन आणि तिनाच्या सात. तिला पडद्यावर बदलांची ती नोंद लावायला सांगितली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली, नानांच्या नावापासून सुरुवात करून.

“आरं लेका,” अध्यक्ष म्हणाले, “मग परवा तू काय बोल्ला?”

“काम कच्चं म्हणालो. ते आजही म्हणतो.”

“कच्चं व्हतंच,” ती पायरीवरून म्हणाली. मंडपात आपल्या बोलीत बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

“पण लबाडी नाही,” मी म्हणालो. “ते परवाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.”

राजुरीवाला पडद्याजवळ गेला, चष्मा लावून ओळी वाचल्या. आपल्या गाड्याची ओळ शोधली. त्याच्या गाड्याला एकच रेघ होती, बदल शून्य.

“माजाबी नंबर चुकलाय ह्यात,” तो म्हणाला. “शेवटचा आकडा. मला कुणी सांगितलंच न्हाई कुणाला फोन करायचा त्यो.”

मंडपात कुणी हसलं नाही.

अध्यक्षांनी दोन गोष्टी ठरवल्या. माझं लॉगिन बंद, आणि यादीतली प्रत्येक दुरुस्ती आता इथंच, सगळ्यांसमोर. तासभर ते चाललं. बाहेरगावच्या लोकांचे किती नंबर चुकले होते, किती गावांची नावं अर्धी होती, ते तेव्हा कळलं. मुलगी एकेक दुरुस्ती करत होती आणि रेघा पुसत होती. सगळ्यात शेवटी अध्यक्ष म्हणाले, सोडतीचं बटण राजुरीवाल्यानंच दाबायचं. त्यानं हात धोतराला पुसला आणि दाबलं.

नावं पडद्यावर आली. वादळ यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जवळजवळ शेवटाला.

नाना उठले. माझ्याकडं बघून म्हणाले, “मशीन खरं हाय बाबा.” आणि चपला शोधायला लागले.

राजुरीवाल्यानं मात्र मान हलवली. “मुद्दाम मागं टाकलं आसल. दाखवायपुरतं.”

“आवो, बटान तुमीच दाबलं ना?”

“दाबलं मी. आत काय हाय ते काय म्या बगितलं?”

तेवढी शंका त्याच्याकडं राहिलीच. माझ्याकडंही राहते. यात्रा झाली, वादळला फारसं काही मिळालं नाही, नाना महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. घोडेगावला मी गेलो की नाही, असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते तिला भेटले होते का, हेही मी परत विचारलं नाही. त्या नोंदीत त्यांचं नाव कुठं नव्हतं, आणि एवढ्यावर मी भागवलं.

परवा आंबेगावकडच्या एका गावच्या कमिटीचा फोन आला. त्या तीन गावांपैकीच एक.

“सर, तुमच्याकडं सोडत केली ती पोरगी कशी हाय कामाला? ऐकलं, कायतरी रेघांचं लफडं झालं.”

“झालं,” मी म्हणालो. “चूक तिची होती. साधी चूक, होऊ नये अशी. यादी मोठ्या पडद्यावर नीट वाचून घ्या.”

“म्हंजी द्यायचं का न्हाई काम?”

“द्या. तिला विचारलं की ती काय चुकलं ते सांगते. कुठं हात लागला तेही सांगते.”

“बरं. आन् सर, दुरुस्त्यांचं तुमीच बगाल का? तुमाला म्हाईत झालंय समदं.”

“नको,” मी म्हणालो. “मला लॉगिन देऊ नका. आणि ज्याला द्याल त्याचा नंबर साइटवर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात टाका.”